टोळीतला अंगचोर

बेंगळुराच्या महादेवपुऱ्यात सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या, तेव्हा त्यांच्या तळघरातले जनरेटर काही आपल्या पायांनी चालत आत गेले नाहीत. क्रेन दारापर्यंत यायची आणि तिथे हात टेकायची. मग साहेब लोक एकमेकांवर खेकसायचे, कुणीतरी कुणालातरी फोन करायचा आणि शेवटी निपाणीच्या टोळीला सांगावा जायचा. टोळी यायची ती दोर, पहारी, लोखंडी नळ्या आणि रेल्वेचे जुने लाकडी शिलिपाट घेऊन. ते अवजड धूड नळ्यांवर चढवायचं, पुढून ओढायचं, मागून रेटायचं, मागे सुटलेली नळी उचलून पळत पुढे घालायची, असं करत करत ते अगदी बेतानं जागेवर नेऊन बसवायचं. या टोळीत पंधरा-सोळा माणसं ओढायची आणि एक माणूस ओढायचा नाही. तो न ओढणारा माणूस म्हणजे कृष्णाजी चौगुले.

कृष्णाजी आरोळी द्यायचा. तरुणपणी त्यानंही दोर ओढला होता, पण खांदा कामातून गेला आणि गळा मात्र शाबूत राहिला. बाजूला एखाद्या ठोकळ्यावर उभं राहून तो ओरडायचा, "साहेबाचं प्वाट सुटलं रंऽऽ" आणि टोळी म्हणायची "हैश्शा!" आणि धूड वीतभर पुढे सरकायचं. "बायकू म्हनती उपास करा रंऽऽ," "हैश्शा!" आणखी वीतभर. ज्याचं पोट सुटलेलं असे तो साहेब तिथेच उभा राहून कौतुकानं हसत असे, कारण त्याला मराठी येत नसे.

पण आरोळी द्यायची म्हणजे नुसतं बोंबलायचं असं टोळी मानत नव्हती. आरोळीवाल्याचं खरं काम कानाचं. जो माणूस जीव तोडून ओढतो त्याचा श्वास छातीत अडकतो आणि त्याची "हैश्शा" फाटकी येते. ज्यानं दोराला नुसता हात लावलाय आणि अंग राखलंय, त्याचा आवाज स्वच्छ येतो, बऱ्याचदा इतरांपेक्षा मोठाही येतो. पंधरा आवाजांतून तो एक स्वच्छ आवाज वेचायचा आणि संध्याकाळी जेवणाच्या वेळी त्याचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की तो माणूस अंगचोर ठरला. त्यानं भिंतीकडे तोंड करून बसायचं, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं, त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. आणि पुढच्या कामात गुटक्याला त्यानं जायचं. गुटका म्हणजे उतारावर नळीपुढे सारायची लाकडाची पाचर. एरवी ते काम पाळीपाळीनं व्हायचं, कारण ते करताना अंगावर येऊ पाहणारं यंत्र आणि जमीन यांच्या मधोमध हात घालावा लागतो.

टोळीला कुणी क्रूर म्हटलं असतं तर टोळी चकित झाली असती. ही माणसं एकमेकांना धरून होती. कुणाला ताप आला तर त्याची पेज व्हायची, त्याचं काम बाकीचे वाटून घ्यायचे आणि त्याबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. पद्माकरचा बाप गावी वारला तेव्हा हातातलं काम टाकून अख्खी टोळी गेली होती. पत्र्याच्या एका शेडमध्ये सगळे राहायचे, एका चुलीवरचं खायचे, आणि मुकादम अप्पासाहेबाच्या ताटात दुसऱ्याहून एक भाकरी जास्त पडत नसे. अप्पासाहेबाचा धाकटा भाऊ असाच एका कामात गेला होता. कुणीतरी अंग राखलं, दोर सैल पडला, आणि तो कमरेतून मोडला. तेव्हापासून अंगचोर हा शब्द तिथे कुणी गमतीनं उच्चारत नसे. टोळीचा दुसरा नियम त्याहून साधा होता. न उचलणाऱ्याला ताट नाही. या नियमाला एकटा कृष्णाजी अपवाद होता, तोही त्याच्या कानांमुळे.

आणि कृष्णाजीचे कान गेले होते.

एका दिवसात गेले नाहीत. जनरेटरच्या बंद खोल्यांमध्ये वर्षानुवर्षं उभं राहून ते हळूहळू विझत गेले. आधी पाखरं गेली, मग भाकरी थापल्याचा आवाज गेला, मग पाठीमागून कुणी हाक मारली की ती येईनाशी झाली, म्हणजे हाक येत होती पण कृष्णाजीपर्यंत पोहोचत नव्हती. हे फक्त त्याच्या बायकोला, टोळीचा स्वयंपाक करणाऱ्या विठाबाईला ठाऊक होतं. ती त्याच्यासमोर येऊन, तोंड दाखवून बोलायला लागली आणि तो तिचे ओठ वाचायला शिकला. इतरांचे ओठ त्याला तितके जमत नव्हते. लोक हसले की तो हसायचा, लोक गप्प झाले की गप्प व्हायचा. टोळीला कळलं तर काय होईल याचा हिशेब सोपा होता. ओढता येत नाही, ऐकू येत नाही, मग ताट कशाचं? गावी भावांनी त्याला केव्हाच मेल्यात जमा केलं होतं. पन्नाशी उलटलेल्या, एका खांद्याच्या, बहिऱ्या माणसानं बायकोला घेऊन या बेंगळुरात जायचं कुठे, हा विचार त्याला खात होता. त्यामुळे त्यानं बराच काळ कुणाचंच नाव घेतलं नाही, आणि टोळी म्हणत राहिली की आपली टोळी सुधारली.

ठेका तो कसा धरायचा? तर शिवकुमारच्या आवाजावर. शिवकुमार विठाबाईचा धाकटा भाऊ, म्हणजे कृष्णाजीचा मेहुणा. दोन वर्षांपूर्वी नवीन बायकोला, भाग्यलक्ष्मीला, घेऊन टोळीत आला होता. अंगानं दणकट, बोलायला कमी, पण दोराला हात लागला की त्याची "हैश्शा" सगळ्या इमारतीला ऐकू जायची. डाव्या दोराला अगदी पुढे, कृष्णाजीच्या जवळ त्यानं जागा धरली होती. कृष्णाजीच्या कानात जो काही धुरकट उजेड उरला होता त्यात तेवढा एक आवाज यायचा. तो आला की पुढची ओळ टाकायची. उतारावर गुटक्याचा माणूस यंत्राआड दिसेनासा झाला, की हात बाहेर काढल्यावर तो "निघालो" म्हणून ओरडायचा. ते "निघालो" दोरावरून शिवकुमार पुन्हा मोठ्यानं म्हणायचा, "निघाला रंऽऽ!" मग कृष्णाजी "सोड" म्हणायचा. मेहुण्याला ओरडायची खोडच आहे, असं कृष्णाजीला वाटायचं, आणि त्या खोडीबद्दल तो मनातल्या मनात देवाचे आभार मानायचा.

अशात मुग्धा नावाची एक पोरगी शेडवर यायला लागली. मूळची पुण्याची, इथे कुठल्याशा संस्थेत संशोधन करायची. शेडच्या पत्र्याखाली गांधीलमाश्यांचं एक पोळं होतं, टोळीनं ते कधीच जाळून टाकलं असतं. हिला ते कुठून कळलं कुणास ठाऊक. हात जोडून म्हणाली, "काका, प्लीज, हे पोळं कुणी पाडू नका हं. मला हवं आहे." मग स्टूल टाकून ती तासन्‌तास पोळ्याकडे बघत बसायची. बारीक काडीनं एकेका माशीच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यायची, लाल, पिवळा, निळा, म्हणजे कोण कोण आहे ते ओळखता यावं. टोळीला आधी हसू आलं, मग सवय झाली, मग कौतुक वाटायला लागलं. मराठी बोलणारी, शिकलेली आणि चहा नको न म्हणणारी मुलगी त्यांना दुसरी माहीत नव्हती.

एका रविवारी पद्माकरनं तिला विचारलं, "ताई, एवढं काय बगता त्यात?"

"एकत्र कशा राहतात ते," मुग्धा म्हणाली. "म्हणजे बघा, प्रत्येकीला स्वतःचं वेगळं घर करता आलं असतं. तरी या एकत्र राहतात, दुसरीच्या पिलांना भरवतात. का? मुंग्या, माकडं, माणसं, सगळ्यांच्या बाबतीत हाच प्रश्न आहे. एकीनं नुसतं बसून खाल्लं तर बाकीच्यांनी का राबायचं?"

"मग बसून खात्यात का कोन?"

"असतात ना. बसून असतात काही. त्यांना बाकीच्या जाऊन चावतात, ढकलतात. मग त्या उडतात आणि अन्न शोधायला जातात. अर्थात हे अजून प्रूव्ह झालेलं नाही. चावणं म्हणजे कदाचित नुसतं 'मला भूक लागली' असं सांगणंही असेल."

शेवटचं वाक्य कुणी ऐकलं नाही. चावतात हे सगळ्यांनी ऐकलं. अप्पासाहेबानं मांडीवर थाप मारली. "बगा! किड्यामुंगीला बी कळतंय." शास्त्रानंच आपल्यावर शिक्का मारल्यासारखा त्याला आनंद झाला.

"आनि राणी काय करती?" पद्माकरनं विचारलं.

"राणी? काहीच नाही. सगळ्यात शांत तीच."

"म्हंजी आमचा कृष्णाजी!" पद्माकर म्हणाला आणि शेड हसून हसून दणाणली. समोर बसलेला कृष्णाजीही हसला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. संध्याकाळी विठाबाईनं त्याला चुलीपाशी बसवून, तोंड समोर धरून सांगितलं, "तुमास्नी हसले ते. बसून खानारा म्हनले. आनि तुमी बी हसलात." त्याच्या हातातला घास ताटात परत गेला.

थट्टा म्हणजे थट्टा, ती संपायला हवी होती. पण एकदा बोललेली गोष्ट डोक्यात राहते. त्यानंतर जेवताना कुणीतरी कृष्णाजीच्या ताटाकडे एक क्षण जास्त बघायला लागलं. कुणीतरी म्हणालं की बराच काळ झाला, कृष्णाजीनं कुणाचं नाव घेतलेलं नाही. आरोळी काय, ओढता ओढता अप्पासाहेबही देईल. कृष्णाजीला यातलं काही ऐकू येत नव्हतं, पण चेहरे दिसत होते. आणि बहिऱ्या माणसाला चेहरे फार दिसतात.

मग तो दिवस आला. एका इमारतीचं दार अरुंद निघालं म्हणून दोर पुढे लावता आला नाही, आणि शिवकुमारला मागे रेटायला जावं लागलं. त्याचा आवाज भिंतीपलीकडे गेला. कृष्णाजीनं आरोळी दिली, उत्तर आलं की नाही ते त्याला कळलं नाही, त्यानं अंदाजानं पुढची ओळ टाकली. ती अर्धा श्वास आधी पडली. निम्म्या टोळीनं ओढलं, निम्मी अजून दम घेत होती. धूड तिरकं झालं, शिलिपाट कडाडून फुटला, पहार उसळून पद्माकरच्या मांडीत बसली. जीव वाचला एवढंच. कंपनीचा इंजिनीअर सगळ्यांना हिंदीत काय काय बोलला आणि टोळीनं खाली मान घालून ऐकून घेतलं, हे त्या टोळीच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

चूक कुणाची होती हे शेडमध्ये परत येताना एकट्या कृष्णाजीला माहीत होतं.

संध्याकाळी भाकऱ्या होत होत्या. अप्पासाहेब त्याच्यासमोर येऊन बसला, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. "कुनीतरी अंग राखलं आज," तो म्हणाला. "तू ऐकलं असशील. कोन?"

कृष्णाजीनं सगळ्यांकडे बघितलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. मांडीला फडकं गुंडाळलेला पद्माकर तर डोळे न हलवता बघत होता. "कोणी नाही" म्हणावं, तर मग ठेका कुणाचा चुकला हा प्रश्न आला. कुणाचं तरी नाव घ्यावं, तर तो माणूस भांडायला उठेल, गावापर्यंत वैर जाईल. कृष्णाजीनं त्या क्षणी जो विचार केला तो हलकट होता, आणि हुशारीचाही होता. ज्याचा आवाज सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात मोठा असतो हे टोळीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, त्याचं नाव घेतलं तर सगळ्यांना पटेल. शिवाय तो आपला मेहुणा. स्वतःच्या मेहुण्याचं नाव घेणाऱ्यावर कोण संशय घेईल?

"शिवा," कृष्णाजी म्हणाला.

चुलीपुढे विठाबाई आणि भाग्यलक्ष्मी दोघींचे हात थांबले. शिवकुमारनं मान वर केली. तो काहीतरी बोलणार होता, तोंड उघडलंही. मग त्यानं आपल्या बहिणीकडे बघितलं, तोंड मिटलं, आणि उठून भिंतीकडे तोंड करून बसला. त्याच्या या मुकाट बसण्यानं राहिलासाहिला संशयही फिटला. उरलेली कोरडी भाकरी विठाबाईलाच आपल्या भावापुढे ठेवावी लागली, कारण वाढायची पाळी तिची होती.

अप्पासाहेबानं त्या वेळी एक नवीन गोष्ट केली. कोपऱ्यात लोखंडाला लावायच्या तांबड्या रंगाचा डबा होता. त्यात बोट बुडवून त्यानं शिवकुमारच्या पाठीवर, बनियनवर, रुपयाएवढा ठिपका दिला. "ताईंची युक्ती हाय," तो म्हणाला. "कोन हाय ते लांबनं कळाय पायजे." लोक हसले. आणि एकजुटीची थोरवी सांगणारे जे कुणी आहेत त्यांनी हे हसू एकदा ऐकायला हवं होतं, कारण पोटभर आणि एका सुरात हसलेलं इतकं मोकळं हसू माणसांना एरवी फारसं लाभत नाही.

पुढचं काम तळघराचं होतं. लांबलचक उतार, खाली पंख्यांचा घरघराट, आणि आतापर्यंतचं सगळ्यात जड धूड. ते वरून दोरांनी अडवून धरत थोडं थोडं खाली सोडायचं होतं. शिवकुमार तांबड्या ठिपक्याचं बनियन घालून गुटका घेऊन खालच्या अंगाला गेला आणि यंत्राआड दिसेनासा झाला. दोरावर आता दुसराच माणूस होता, आणि अंगचोराचं "निघालो" मोठ्यानं पुन्हा म्हणायचं त्याच्या मनातही नव्हतं. कृष्णाजी ठोकळ्यावर चढला तेव्हा त्याला हे पहिल्यांदा उमगलं. त्याचा एकुलता एक आवाज आता यंत्राखाली होता.

तो तेव्हाही खाली उतरू शकला असता. उतरला नाही. आपण तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणावं, ते संपेस्तोवर हात निघालेलाच असेल, असा त्यानं मार्ग काढला. "थांब" म्हणायचं, मनात मारुतीचं नाव घोळवायचं, "सोड" म्हणायचं. एकदा जमलं. पुन्हा जमलं. उतार निम्मा उतरून झाला आणि कृष्णाजीला धीर आला.

मग नळी थोडी वाकडी बसली. शिवकुमारनं ती सरळ करायला गुटका सोडून हात आणखी आत घातला आणि तो ओरडला, "थांबा! दाजी, थांबा!" पंख्यांच्या घरघराटावरूनही ते ओरडणं वरच्या प्रत्येक माणसाला ऐकू आलं. पण दोरावर हात असताना आरोळीवाल्याशिवाय कुणाचंही ऐकायचं नाही, हा टोळीचा सगळ्यात जुना नियम होता. ज्याच्या त्याच्या ओरडण्यावर जो तो हलायला लागला तर सगळेच मरतील, म्हणून केलेला शहाणपणाचा नियम. सगळ्यांनी दोर घट्ट धरून कृष्णाजीच्या तोंडाकडे बघितलं.

कृष्णाजीचं मारुतीचं नाव घेऊन झालं होतं. तो म्हणाला, "सोड."

एक क्षण कुणी सोडलं नाही. मग सगळ्यांनी एकदम सोडलं.

काय झालं ते कृष्णाजीला आवाजावरून कळलं नाही. कळलं ते चेहऱ्यांवरून. पंधरा तोंडं एकदम उघडली आणि पंधरा चेहरे वळले. ते यंत्राकडे वळले नाहीत, त्याच्याकडे वळले.

शिवकुमारचा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत गेला. सरकारी इस्पितळात डॉक्टरांनी उरलेला कापून नीट केला. माणूस वाचला, आणि वाचला म्हणून पुढचा प्रश्न आला, कारण मेलेल्याला ताट लागत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी सगळे शेडमध्ये बसले. अप्पासाहेब पुन्हा कृष्णाजीसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसला. त्याचा चेहरा दगडासारखा होता, आणि तो सावकाश, एकेक शब्द वेगळा करून बोलला, त्यामुळे कृष्णाजीला सगळं वाचता आलं.

"शिवा 'थांबा' म्हनून वरडला. आमी समद्यांनी ऐकलं. तू ऐकलंस का न्हाई?"

आपल्यापुढे दोनच दारं आहेत आणि दोन्हींमागे विहीर आहे, हे कृष्णाजीला स्वच्छ दिसलं. नाही म्हटलं तर आपण बहिरे. मग आजपर्यंत घेतलेली नावं खोटी, शिवाचं नाव तर खोटंच, पद्माकरची मांडी आपल्यामुळे, शिवाचा हात आपल्यामुळे, आणि उद्यापासून ताट बंद. आणि हो म्हटलं तर? विठाबाई चुलीपाशी परात घेऊन उभी होती. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. त्याला ऐकू आलं नव्हतं हे तिला माहीत होतं. त्यानं "न्हाई" म्हणावं म्हणून तिनं मान हलवली, इतकी हळू की दुसऱ्या कुणाला दिसली नाही.

"ऐकलं," कृष्णाजी म्हणाला. आणि एवढ्यानं भागणार नाही असं वाटून त्यानं पुढे जोडलं, "पर अंगचोराचं काय ऐकायचं? काम टाळायला नाटकं करतोय वाटलं मला."

इतकी माणसं, पण एकाच्याही चेहऱ्यावर राग आला नाही. जे आलं ते वेगळंच होतं. सख्ख्या मेहुण्याला ज्यानं सोडलं नाही तो आपल्याला काय सोडेल, हे एकेकाच्या डोळ्यांत उतरत गेलं. अप्पासाहेबानं मान डोलावली. मग त्यानं निकाल दिला की शिवाला गावी पोचवायची सोय टोळी करेल, पण न उचलणाऱ्याला ताट नाही. कुणी हरकत घेतली नाही. लंगडत लंगडत पद्माकर उठला, त्यानं पाण्याचा तांब्या भरला, आणि राणी म्हणून ज्याची थट्टा केली होती त्या कृष्णाजीपुढे तो दोन्ही हातांनी ठेवला.

भाग्यलक्ष्मी उठून आपलं लुगडं-पातळ गोळा करायला गेली. विठाबाईनं परात खाली ठेवली. नवऱ्यासमोर येऊन ती उकिडवी बसली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर टोळीला कळलं असतं. तिनं फक्त ओठ हलवले आणि तो वाचत गेला.

"ऐकू आलं न्हाई हे मला ठावं हाय. त्याची चूक मी तुमास्नी लावनार न्हाई. पर त्याचं नाव तुमी घेतलंत. ते काय तुमास्नी कुनी सांगितलं न्हवतं."

त्यानं मान खाली घातली, तेव्हा तिनं हनुवटी धरून ती वर केली.

"त्याला वरडायची खोड न्हवती," ती म्हणाली. "त्याला ठावं हुतं, तुमास्नी ऐकू येत न्हाई ते. म्याच सांगितलं, त्यो आला तवाच. म्हनलं, दाजींच्या जवळ उभा ऱ्हा आनि मोठ्यानं वरड, म्हंजी त्यांचं काम जानार न्हाई. त्यो दम धरून ओढायचा आनि वर गळा फाडून वरडायचा. रातच्याला मिठाचं पानी करून द्याचे मी त्याला, गळा सुजायचा म्हनून. अंगचोर म्हनलात तवा बी त्यो बोलला न्हाई. बोलला असता तर तुमचं समदं उघडं पडलं असतं."

कृष्णाजीनं तिचा हात धरायला हात पुढे केला. तिनं तो बाजूला केला, रागानं नाही, वाटेत आलेली वस्तू सारावी तसा. शिवाला इस्पितळातून सोडलं त्या सकाळी भाऊ, भावजय आणि ती निपाणीच्या गाडीत बसली. कृष्णाजी स्टँडवर गेला होता. शिवकुमार खिडकीशी होता आणि एकदा त्याचे ओठ हलले, पण काचेवर ऊन होतं, त्यामुळे कृष्णाजीला काही वाचता आलं नाही.

विठाबाई परत आली नाही. टोळीनं स्वयंपाकाला दुसरी बाई ठेवली.

आणि खरं सांगायचं तर त्यानंतर निपाणीची टोळी जशी ओढायला लागली तशी ती पूर्वी कधीच ओढत नव्हती. कृष्णाजीला आता काहीच ऐकू येत नव्हतं, आणि त्याची गरजही उरली नव्हती. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या खांद्याकडे बघून ओढत होता, कुणाचाही श्वास मागे राहत नव्हता, आणि आरोळी आधी पडो की मागे पडो, धूड तेल लावल्यासारखं सरकत होतं. कामं वाढली. पार शहराबाहेरच्या देवनहळ्ळीपासून बोलावणी यायला लागली. मुग्धानं एकदा उभं राहून ते सगळं बघितलं आणि इतकी सुंदर एकजूट आपण कुठे बघितली नाही असं ती अप्पासाहेबाला म्हणाली. तिचं पोळं तोवर रिकामं झालं होतं, ती स्टूल न्यायला आली होती.

शिवकुमारच्या जागी चिकोडीकडचा एक बाप्या आला, चांगला चाळिशीचा, घरी लेकीबाळी असलेला. पहिल्याच सकाळी, दोराला हात लावायच्या आधी, तो कृष्णाजीजवळ आला, वाकून त्याच्या पायांना हात लावला आणि वर बघून काहीतरी बोलला. एरवी नव्या माणसाचे ओठ कृष्णाजीला वाचता येत नसत. पण हे एक वाक्य एव्हाना टोळीतल्या प्रत्येकानं एकदा तरी त्याच्यापुढे येऊन म्हटलं होतं, त्यामुळे ते त्याला चटकन कळलं. "माझं नाव घेऊ नका," तो माणूस म्हणत होता.